लिव्ह अँड लायसन्स करारावर सही करण्यापूर्वी तो कसा वाचावा

पुण्यात किंवा मुंबईत घर भाड्याने घेताना बहुतेकांचे लक्ष तीन आकड्यांवर असते: महिन्याचे भाडे, डिपॉझिट आणि एजंटाची दलाली. हे आकडे ठरले की व्यवहार झाला असे आपण धरून चालतो, आणि आदल्या रात्री मोबाईलवर आलेला मसुदा वरवर चाळून दुसऱ्या दिवशी अंगठा देऊन मोकळे होतो. महाराष्ट्रात राहण्याच्या जागेसाठी होणारा करार आज बहुतांशी ‘लिव्ह अँड लायसन्स’ या प्रकारचा असतो, आणि या प्रकारात भाडेकरूला कायद्याने आपोआप मिळणारे संरक्षण फार थोडे असते. त्याच्या हाती जे काही असते ते त्या कागदावर लिहिलेले असते. तोंडी कबूल केलेले पण कागदावर न आलेले वचन वाद उभा राहिला की क्वचितच कामी येते. म्हणून मसुदा मागून घ्यावा, तो वाचायला दोन दिवस घ्यावेत आणि शक्यतो तोपर्यंत टोकन देऊ नये. टोकन द्यावेच लागले, तर व्यवहार कोणाच्या कारणाने फिसकटल्यास ते परत मिळेल आणि कोणाच्या कारणाने मिळणार नाही, एवढे तरी संदेशाने लिहून घ्यावे.

येथे दिलेले सर्व महाराष्ट्रातील निवासी जागांपुरते आहे. दुकान, कार्यालय किंवा गोदामाच्या करारांचे गणित वेगळे असते, आणि गोव्यात किंवा अन्य राज्यांत कायदाच वेगळा आहे.

शीर्षक आणि पहिला परिच्छेद

करारात आपला उल्लेख ‘भाडेकरू’ असा नसून ‘लायसन्सी’ किंवा ‘परवानाधारक’ असा असतो, आणि घरमालक ‘लायसन्सॉर’ किंवा ‘परवानादाता’ असतो. हा केवळ शब्दांचा फरक नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील भाडेपट्ट्यात जागेचा उपभोग घेण्याचा हक्क भाडेकरूकडे जातो. परवाना मात्र त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो आणि त्यात जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. एरवी जे करणे बेकायदा ठरले असते ते करण्याची परवानगी तेवढी मिळते. कागदाला दिलेले नाव निर्णायक नसून त्यातील आशय पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात सांगितले आहे. महाराष्ट्रातील निवासी परवान्यांच्या बाबतीत मात्र कायद्याने लेखी करारालाच मोठे वजन दिले आहे.

त्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठली आणि भाडेकरूला काढणे जवळजवळ अशक्य झाले, तेव्हा मालकांनी परवान्याची वाट धरली. मग कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने जागेत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि मालकांनी धास्तीने घरे रिकामी ठेवणे पसंत केले. आज लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच परवानाधारकाने जागा सोडावी लागते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून ताबा घेऊ शकतो, आणि ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी करारातील भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की लेखी परवाना करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. ‘असे लिहिले होते, पण आमचे ठरले वेगळेच होते’ हा युक्तिवाद म्हणूनच दुबळा पडतो.

समोर सही करणारा खरोखर मालक आहे का

एजंटाने दाखवलेल्या घराचा मालक कोण, हे कागदावरून पाहावे. मालकाच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वजण जिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती नोंदणी कार्यालयातील व्यवहाराची संक्षिप्त नोंद, किंवा सोसायटीचे भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), चालू मालमत्ता कराची पावती आणि विजेचे बिल या कागदांवरील नावे एकमेकांशी आणि करारातील नावाशी जुळली पाहिजेत. सदनिका पती-पत्नीच्या किंवा भावंडांच्या संयुक्त नावावर असेल तर सर्व सहमालकांनी करारात पक्षकार व्हावे, किंवा एकाने दुसऱ्यांचे कुलमुखत्यारपत्र दाखवावे. मालक परदेशात असेल आणि त्याचे वडील किंवा मित्र सही करणार असतील, तर त्या कुलमुखत्यारपत्रात घर भाड्याने देण्याचा, डिपॉझिट स्वीकारण्याचा आणि करार नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का हे वाचावे. ‘मिळकतीची देखभाल करणे’ एवढेच लिहिलेले मुखत्यारपत्र पुरेसे समजू नये. डिपॉझिट आणि भाडे करारात नाव असलेल्या व्यक्तीच्याच खात्यात भरावे, एजंटाच्या किंवा ‘भाच्याच्या’ खात्यात नव्हे.

घरावर गृहकर्ज आहे का, हेही संकोच न करता विचारावे. कर्ज असणे यात वावगे काही नाही, पण हप्ते थकल्यास बँक गहाण मिळकतीचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते आणि तेव्हा आत राहणारा माणूस अडचणीत येतो. मोठे डिपॉझिट आणि नाममात्र भाडे, म्हणजे बोलीभाषेतले ‘हेवी डिपॉझिट’, अशा व्यवहारात तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण तेथे आपले काही लाख रुपये त्या मालकाच्या आर्थिक स्थितीवर विसंबून असतात.

आपल्या बाजूचीही नावे पाहावीत. तीन मैत्रिणी मिळून घर घेत असतील आणि करार एकीच्याच नावावर असेल, तर उरलेल्या दोघींचे स्थान कागदावर नसते. कलम २४ खाली सक्षम प्राधिकारी करारात परवानाधारक नसलेल्या व्यक्तीचे म्हणणे ऐकूनच घेत नाही. तिघींची नावे असावीत, आणि कोणी मध्येच गेली तर नवीन कोणाला आणता येईल का, त्यासाठी काय करावे लागेल, हेही लिहावे.

मुदत, लॉक-इन आणि नोटीस

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज अजूनही इतका पक्का आहे की शिकलेली माणसेही पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून निश्चिंत होतात. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातून हा अकरा महिन्यांचा पायंडा पडला. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा छत्तीस. त्यामुळे अकराच्या आकड्यात कोणतीही सोय उरलेली नाही. उलट दर अकरा महिन्यांनी नोंदणीचा खर्च, एजंटाचे शुल्क आणि भाडेवाढीची बोलणी मात्र नव्याने होतात. ज्याला दोन-तीन वर्षे तेथेच राहायचे आहे त्याने चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार मागावा. साठ महिन्यांपर्यंतच्या परवान्यांना मुद्रांक शुल्काचा दर एकच आहे.

मुदतीच्या कलमात तीन तारखा शोधाव्यात: परवाना सुरू होण्याची, संपण्याची आणि भाडे लागू होण्याची. घराचे रंगकाम किंवा दुरुस्ती राहिली असेल तर किल्ली मिळण्याच्या तारखेपासून भाडे सुरू होईल असे लिहून घ्यावे, नाहीतर पहिल्या आठवड्याचे भाडे रंगाऱ्यांसाठी भरल्यासारखे होते. मुदत संपल्यावर करार ‘आपोआप वाढेल’ अशी तोंडी हमी मिळाली तर तिच्यावर विसंबू नये.

लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो काळ. येथे मसुदा बारकाईने वाचावा, कारण कित्येक मसुद्यांत हे बंधन एकट्या परवानाधारकावर असते आणि मालक मात्र केव्हाही एका महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामे करून घेऊ शकतो. लॉक-इन असेलच तर ते दोघांवर असावे, असा आग्रह धरावा. तो अवाजवी नाही आणि समंजस मालक तो मान्य करतात. मुलाचे शाळेचे वर्ष मध्यावर असताना घर सोडावे लागणे हा भाड्याच्या रकमेत न मोजता येणारा खर्च आहे. दुसरा बारकावा नोटिशीचा. लॉक-इन सहा महिन्यांचे आणि नोटीस एका महिन्याची असेल, तर नोटीस पाचव्या महिन्याच्या अखेरीस देऊन सहाव्याच्या अखेरीस बाहेर पडता येते की सहा महिने पूर्ण झाल्यावरच नोटीस देता येते? मसुदा याबाबत मुका असतो आणि वाद एका महिन्याच्या भाड्याचा असतो. ‘लॉक-इन काळ संपताना पूर्ण होईल अशी नोटीस त्या काळातही देता येईल’ हे एक वाक्य घातले की तो मिटतो.

लॉक-इन मोडल्यास उरलेल्या काळाचे सगळे भाडे द्यावे लागेल, असे कलम बहुतेक मसुद्यांत सापडते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम कितीही लिहिली तरी तिच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच मिळू शकते. पण तो मुद्दा न्यायालयात मांडण्याचा असतो, आणि तोवर आपले डिपॉझिट मालकाच्या खात्यात असते. त्यापेक्षा नोकरीतील बदली, गंभीर आजार, किंवा घर राहण्यायोग्य न उरणे अशा दोन-तीन कारणांना आधीच सूट लिहून घेणे बरे. नोटीस कशी द्यायची तेही ठरवावे. ईमेलने आणि नोंदणीकृत डाकेने दिलेली नोटीस ग्राह्य धरावी असे लिहिले आणि दोघांचे ईमेल पत्ते करारात घातले की ‘मला मिळालीच नाही’ म्हणायला जागा राहत नाही.

मध्येच घर विकले गेले तर काय, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. भाडेपट्टा असता तर नवा मालक त्याने बांधला गेला असता. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार परवान्याने मात्र नवा मालक आपोआप बांधला जात नाही. आपला काही दोष नसताना मुदतीपूर्वी बाहेर पडावे लागले तर मूळ मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क कलम ६४ देते, पण राहते घर हातचे गेलेलेच असते. म्हणून ‘मुदतीत जागेची विक्री झाल्यास खरेदीदाराने हा करार शेवटपर्यंत पाळावा अशी अट परवानादाता खरेदीखतात घालील, अन्यथा दोन महिन्यांची नोटीस देऊन संपूर्ण डिपॉझिट परत करील’ अशा आशयाचे कलम मागावे. घर विक्रीला काढलेले आहे असे इमारतीच्या सुरक्षारक्षकाकडून कळले, तर हे कलम मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुरक्षारक्षकाला असल्या गोष्टी एजंटापेक्षा जास्त ठाऊक असतात.

भाडे आणि त्याभोवतीची देणी

भाड्याचा आकडा मसुद्यात बरोबर असतोच. त्याच्या आजूबाजूची वाक्ये पाहावीत. सोसायटीचे मासिक देखभाल शुल्क भाड्यात धरले आहे की वेगळे? मालमत्ता कर कोणाकडे? पाण्याचे टँकर मागवावे लागले तर त्याचा वाटा कोणी द्यायचा? रीत अशी की मालमत्ता कर आणि सोसायटीचे नियमित शुल्क मालकाकडे असते, तर वीज, गॅस आणि इंटरनेट वापरणाऱ्याकडे. पण रीत म्हणजे करार नव्हे. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी सदस्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते मालकाचे देणे आहे आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. ‘सोसायटीचे सर्व आकार परवानाधारक भरील’ अशा सरसकट वाक्यात हे शुल्क, दुरुस्ती निधी आणि इमारतीच्या रंगकामाची वर्गणी असे सगळेच आपल्या गळ्यात येऊ शकते, म्हणून त्या ‘सर्व’ शब्दावर बोट ठेवून नेमके काय ते लिहून घ्यावे.

दीर्घ मुदतीच्या करारात दर अकरा किंवा बारा महिन्यांनी भाडेवाढ असते. ती टक्क्यांत न ठेवता प्रत्येक टप्प्याची रक्कम रुपयांत लिहावी, म्हणजे वाढ मूळ भाड्यावर की वाढलेल्या भाड्यावर हा घोळ होत नाही. भाडे उशिरा दिल्यास दिवसाला अमुक रुपये दंड, अशी अट असेल तर किमान पाच दिवसांची सवलत मागावी.

डिपॉझिट: पैसे परत कसे येणार

महाराष्ट्रात निवासी परवान्याच्या डिपॉझिटवर कायद्याने मर्यादा घातलेली नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागांसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, परंतु तो नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याखेरीज येथे लागू होत नाही. त्यामुळे किती द्यायचे ते घासाघिशीवर ठरते, आणि परत किती मिळणार ते कलमाच्या शब्दांवर.

या बाबतीत मी स्वतः एकदा पोळलो आहे. माझ्या करारात ‘परवानादात्याच्या मते आवश्यक असेल ती नुकसानभरपाई डिपॉझिटमधून वळती करण्यात येईल’ असे वाक्य होते आणि मला ते निरुपद्रवी वाटले. घर सोडताना तीन वर्षांच्या वापराने मळलेल्या भिंती मालकांच्या मते नुकसानीत मोडत होत्या, आणि सबंध घराच्या रंगकामाचे पैसे कापले गेले. वाद घालण्यासारखे बरेच होते, पण ‘परवानादात्याच्या मते’ या दोन शब्दांखाली माझी सही होती.

डिपॉझिटच्या कलमात म्हणून पुढील गोष्टी असाव्यात. रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून, कोणत्या व्यवहार क्रमांकाने दिली ते लिहावे; रोख देणे टाळावे. रक्कम ‘घर रिकामे करून किल्ली परत देताना, त्याच वेळी’ परत मिळेल असे लिहावे. ‘ताबा घेतल्यानंतर तीस दिवसांत’ हे शब्द आले तर पुढच्या घराच्या डिपॉझिटसाठी आपल्याला हातउसने घ्यावे लागतात. मालक तडजोडीला तयार नसेल तर नऊ दशांश रक्कम किल्ली देताना आणि उरलेली शेवटची बिले आल्यावर पंधरा दिवसांत, हा मध्यममार्ग सहसा पटतो. वजावट फक्त थकलेले भाडे, थकलेली बिले आणि दोघांनी मिळून केलेल्या पाहणीत आढळलेली मोडतोड एवढ्यापुरतीच, ‘सर्वसाधारण वापरातील झीज वगळून’, आणि तीही पावत्यांच्या आधारे. घर सोडताना रंगकामाचे ठरावीक पैसे द्यायचे असतील, आणि पुण्यात ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, तर तो आकडा आजच ठरवून लिहावा. पैसे परत देण्यास उशीर झाल्यास त्यावर व्याज किती, हेही घालायला हरकत नाही; भाड्याला उशीर झाला तर आपल्याला दंड लागतोच.

शेवटच्या महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घेण्याची युक्ती बरेच जण वापरतात. करारात ते मना केलेले असेल तर तसे करणे म्हणजे भाडे थकवणे ठरते, एवढे ध्यानात ठेवावे. मुदत संपूनही राहिल्यास काय होते त्याचा हिशेबही याच वेळी करून पाहावा: भाडे २५,००० आणि डिपॉझिट १,००,००० असेल, तर कलम २४ मधील दुप्पट दराने दोन महिन्यांत सगळे डिपॉझिट संपते. काही मसुद्यांत याच्या जोडीला दररोज वेगळा दंडही घातलेला असतो. तो काढून टाकायला सांगावे.

वस्तूंची यादी आणि दुरुस्त्या

अर्धसज्ज किंवा पूर्णसज्ज घर असेल तर पंखे, दिवे, गिझर, वातानुकूलन यंत्र, कपाटे, पडद्यांच्या दांड्या, गॅसची शेगडी, किल्ल्यांचे जोड अशी यादी कराराला जोडावी आणि प्रत्येक वस्तूपुढे तिची आजची अवस्था लिहावी. ‘गिझर १, चालू’ यापेक्षा ‘गिझर १, चालू, खालच्या बाजूस गंज’ हे लिहिणे दोन वर्षांनी उपयोगी पडते. भिंतींवरील ओल, फरशीचा तडा, मोरीतील गळती यांची छायाचित्रे काढून ती मालकाला ईमेलने पाठवावीत.

दुरुस्तीचे कलम बहुधा एका ओळीत उरकलेले असते: किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाची, मोठी परवानादात्याची. किरकोळ कशाला म्हणायचे हे कोठेच नसते. एक रकमेची मर्यादा ठरवावी, उदाहरणार्थ एका वेळी ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती आपली. त्यापुढची, तसेच गळती, वायरिंग आणि भिंतीतल्या नळांची दुरुस्ती कितीही रकमेची असो, ती मालकाची. कळवूनही सात दिवसांत मालकाने ती केली नाही, तर आपण करून घेऊन पावतीसह भाड्यातून वजा करू शकू, असेही लिहावे. मे महिन्यात बंद पडलेल्या पाण्याच्या पंपाची दुरुस्ती परगावी असलेल्या मालकाच्या सवडीवर सोपवून बसता येत नाही.

मालकाला घराची पाहणी करण्याचा अधिकार असतोच. ‘एक दिवस आधी कळवून, दिवसाच्या वेळी’ एवढी भर त्यात घालावी, आणि दुसरी किल्ली मालकाकडे राहणार असेल तर तसे स्पष्ट लिहावे. पाळीव प्राणी, घरून चालणारी शिकवणी, मुक्कामाला येणारे पाहुणे, वाहनतळाची जागा या बाबींवर करार आणि सोसायटीचे नियम दोन्ही पाहावेत. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सदनिका भाड्याने देण्यासाठी सदस्याला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही; आधी कळवून कराराची प्रत द्यावी लागते. तरीही अविवाहितांना घर देण्यावर किंवा सामानाच्या ने-आणीवर सोसायटी अडून बसणार असेल तर ते करारानंतर कळण्यापेक्षा आधी कळावे, म्हणून सचिवांना एकदा भेटून यावे.

नोंदणी

करार ठरला की तो नोंदवावा लागतो, आणि कलम ५५ नुसार नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते. मालकाला हे सांगितले की नोटरीचा आग्रह सहसा मावळतो.

मुद्रांक शुल्काचा हिशेब स्वतः करता येतो. संपूर्ण मुदतीचे भाडे, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, अधिक परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. चोवीस महिन्यांसाठी २५,००० रुपये भाडे आणि १,००,००० रुपये डिपॉझिट असेल, तर भाड्याचे ६,००,००० आणि धरलेल्या व्याजाचे २०,००० मिळून ६,२०,००० रुपये होतात, आणि शुल्क १,५५० रुपये येते. (डिपॉझिटवरचे हे व्याज शासन आपल्याकडून शुल्क घेण्यापुरते मोजते, आपल्या पदरात त्यातला रुपयाही पडत नाही.) नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे, त्यावर दस्त हाताळणी शुल्क वेगळे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आकडेमोड करून घ्यावी आणि एजंट जी रक्कम सांगतो तिच्यातून सरकारी भरणा व त्याचे स्वतःचे शुल्क वेगवेगळे मागावे. हा खर्च कोणी करायचा हे करारातच ठरवावे. अर्धा-अर्धा ही वाजवी वाटणी आहे.

बहुतेक करार आता विभागाच्या ऑनलाइन प्रणालीवर, आधारच्या पडताळणीने आणि बोटाच्या ठशाने घरबसल्या नोंदवले जातात. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. ज्या मसुद्यावर आपण दोन दिवस खल केला तो एजंटाच्या संगणकावरचा असतो. प्रणालीत त्याने भरलेल्या माहितीवरून जो दस्त तयार होतो तो वेगळा असू शकतो आणि नोंदवला जातो तो हाच. म्हणून ठसा देण्यापूर्वी प्रणालीतून निघालेला अंतिम मसुदा मागून घ्यावा आणि आपण घालायला सांगितलेले प्रत्येक कलम त्यात आले आहे का, नावे, सदनिकेचा क्रमांक, तारखा, डिपॉझिटची रक्कम आणि लॉक-इनचे महिने बरोबर आहेत का, हे ओळीने पाहावे. इंग्रजी मसुदा पुरता समजत नसेल तर करार मराठीत मागावा. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर व्हावा लागतो, पण इतके थांबू नये. नोंदणीनंतर दस्त आणि सूची क्रमांक दोन या दोन्हींच्या प्रती आपल्याकडे ठेवाव्यात. गॅसजोडणी, पारपत्र, शाळाप्रवेश, सगळीकडे त्या मागितल्या जातात.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे हे मालकाचे काम आहे आणि मुंबई व पुणे पोलिसांच्या संकेतस्थळांवर त्याची सोय आहे. ती भरल्याची प्रत आपणही घ्यावी.

करांची बाजू थोडक्यात. घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची असेल आणि वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असेल, तर मालकाचा पॅन क्रमांक लागतो. तो करारातच घालावा, नंतर मागितला की टाळाटाळ होते. महिन्याचे भाडे ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास भाडेकरूने २ टक्के कर कापून भरायचा असतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर ही मर्यादा लागू नसते: भाडे कितीही असले तरी करकपातीची जबाबदारी भाडेकरूवर येते आणि दरही बराच जास्त असतो. हिंजवडी-बाणेर पट्ट्यात परदेशस्थ मालकांची घरे पुष्कळ आहेत, तेव्हा पहिल्याच भेटीत मालकाचा निवासी दर्जा विचारून घ्यावा आणि गरज पडल्यास सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

किल्ली घेताना

ताबा घेण्याच्या दिवशी वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडे, प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि वस्तूंची यादी मालक किंवा त्याच्या प्रतिनिधीसोबत तपासून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. मागील भाडेकरूचे विजेचे बिल थकलेले नाही ना, हे महावितरणच्या किंवा आपल्या भागातील वीज कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून पाहता येते. ते थकलेले असेल तर जोडणी आपण राहत असताना तोडली जाते, मग चूक कोणाचीही असो.

मुदत संपण्याची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेत लिहावी आणि तिच्या दोन महिने आधीचीही. पुढे राहायचे असेल तर त्या आधीच्या तारखेला बोलणी सुरू करावीत, कारण नूतनीकरण म्हणजे नवा करार, नवे मुद्रांक शुल्क आणि नवी नोंदणी. मालकाने वाढीव भाडे स्वीकारत राहणे म्हणजे करार वाढला असे नव्हे. नव्या दस्तात जुन्या डिपॉझिटचा उल्लेख त्याच्या मूळ तारखेसह आणि व्यवहार क्रमांकासह पुन्हा करून घ्यावा, नाहीतर दुसऱ्या करारात रक्कम ‘मिळाली’ असे लिहिलेले असते आणि ती कधी, कशी मिळाली याचा पुरावा पहिल्या कराराच्या हरवलेल्या प्रतीत राहून जातो.